आपोआप बरं झालं, मग दवाखान्यात कशाला?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं. या वेळचा विषय : टीआयए, म्हणजे लोक ज्याला मिनी स्ट्रोक म्हणतात तो.

मागच्या अंकात पॅरालिसिसवर लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की लकव्याची लक्षणं येऊन आपोआप गेली तर जास्त घाबरा, कमी नाही. त्यावरून इतकी पत्रं आणि मेल आलेत की हा पूर्ण कॉलम त्यालाच दिलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून टाकलीत. आणि पत्रावरून निदान होत नसतं, मी ते करतही नाहीये, आपल्या डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं एवढं कळलं तरी खूप झालं.

प्रश्न : बाबा ६८ वर्षांचे, बीपी आणि शुगर दोन्ही आहे. परवा सकाळी पेपर वाचता वाचता उजवा हात एकदम गळून पडला आणि बोलणं बोबडं झालं. पंधरा-वीस मिनिटांत सगळं नॉर्मल. आम्ही निघालोच होतो हॉस्पिटलला पण बाबा म्हणाले आता बरं वाटतंय, कशाला उगाच. पुढच्या आठवड्यात त्यांचं नेहमीचं चेकअप आहे, तेव्हा सांगितलं तर चालेल का?

उत्तर : अजिबात चालणार नाही. तुमचा मेल वाचला त्याच दिवशी संपादकांकडून तुम्हाला निरोप पाठवला की आजच न्या, कारण अंक छापून येईपर्यंत थांबायचा हा प्रश्नच नाही. पण असंच घडलेल्या बाकीच्या घरांसाठी इथे सविस्तर लिहितो.

झालं काय असणार, तर मेंदूकडे जाणाऱ्या एखाद्या धमनीत छोटी गुठळी येऊन अडकली, तेवढ्या भागाचा रक्तपुरवठा तुटला, तो भाग नेमका हात आणि बोलणं सांभाळणारा होता म्हणून हात गळाला आणि जीभ जड झाली, मग गुठळी विरघळली किंवा तुकडे होऊन पुढे सरकली आणि गाडी रुळावर आली. हात बरा झाला हे खरंय, पण गुठळी जिथून आली ती जागा तशीच आहे ना! मानेतल्या धमनीत चरबीचा थर फुटलेला असेल, हृदयाचे ठोके मधेच बिघडत असतील, जे काही असेल ते आजही तिथेच बसलंय आणि पुढची गुठळी कधीही सोडू शकतं, आणि ती पण विरघळेलच असं कुणी लिहून देत नाही.

आता ‘पुढच्या आठवड्यात’ का नको ते बघा. २००० साली कॅलिफोर्नियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात इमर्जन्सीमध्ये टीआयए म्हणून निदान झालेल्या १७०७ पेशंटचा पुढे माग ठेवला होता. ९० दिवसांत १०.५ टक्के लोकांना खराखुरा स्ट्रोक आला, आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांना तो पहिल्या दोनच दिवसांत आला. म्हणजे धोका तीन महिन्यांवर सारखा पसरलेला नसतो, तो सुरुवातीलाच गर्दी करून असतो. पुढच्या आठवड्यातलं चेकअप येईपर्यंत सगळ्यात वाईट काळ निघून गेलेला असतो, कुठल्या तरी एका बाजूने.

याची दुसरी बाजू मात्र मला फार आवडते आणि ती लोकांना कुणी सांगत नाही. ऑक्सफर्डला पीटर रॉथवेल यांच्या टीमने एक साधी गोष्ट करून बघितली, ती २००७ मध्ये छापून आली. आधी पद्धत अशी की टीआयएचा पेशंट अपॉइंटमेंट घेऊन क्लिनिकला यायचा, तिथून फॅमिली डॉक्टरला सल्ल्याचं पत्र जायचं, मग औषध सुरू व्हायचं, या सगळ्यात साधारण वीस दिवस जायचे. त्यांनी अपॉइंटमेंट काढून टाकली, आलेल्याला लगेच बघायचं आणि औषध तिथल्या तिथे चालू करायचं, वीस दिवसांचा एक दिवस झाला. ९० दिवसांतल्या स्ट्रोकचं प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर आलं. नवीन औषध नाही, नवीन मशीन नाही, तीच ॲस्पिरिन, तीच क्लोपिडोग्रेल (दोन्ही रक्तात गुठळी होऊ न देणाऱ्या), तीच कोलेस्टेरॉलची स्टॅटिन आणि बीपीची गोळी, नुसता मधला उशीर काढून टाकला! माझ्या मते या आजारात पेशंटच्या हातात असलेलं सगळ्यात मोठं औषध म्हणजे लगेच उठून जाणं, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

तुमच्या बाबांचा अंदाज घ्यायचा तर एबीसीडी-२ नावाचा एक स्कोअर आहे. वय ६० किंवा पुढे म्हणून एक मार्क, तपासणीच्या वेळी बीपी १४०/९० किंवा वर असेल तर एक, शरीराच्या एका बाजूची ताकद गेली म्हणून दोन (नुसतं बोलणं बिघडलं असतं तर एक), लक्षणं दहा मिनिटांहून जास्त पण तासाच्या आत म्हणून एक (तासभर किंवा जास्त राहिली असती तर दोन), शुगर आहे म्हणून एक. म्हणजे बीपी वाढलेलं सापडल्यास सातपैकी सहा, नाही सापडलं तर पाच. मूळ आकडेवारीत चार-पाच मार्कवाल्यांमध्ये दोन दिवसांत स्ट्रोक ४.१ टक्के आणि सहा-सात मार्कवाल्यांमध्ये ८.१ टक्के. पण हा स्कोअर घरी बसून मोजायचा आणि ‘आमचे तीनच आले’ म्हणून निवांत व्हायचं असं करू नका बरं का. कमी मार्क असलेल्यांतही मानेची धमनी कधी कधी ९० टक्के बंद निघते, ब्रिटनच्या २०१९ च्या गाइडलाइनने तर हा स्कोअर धोका ठरवायला वापरूच नका असं सांगितलंय, गेल्या आठवडाभरात टीआयए झाल्याची शंका असेल तर २४ तासांत स्पेशालिस्टने बघावं, बस.

प्रश्न : असं परत झालं तर किती वेळ वाट बघायची? आणि घरात ॲस्पिरिन असतेच, ती लगेच चावून द्यायची का, हार्ट अटॅकमध्ये देतात तशी?

उत्तर : वाट शून्य मिनिटं बघायची. कारण लक्षणं चालू असताना तो टीआयए आहे की पूर्ण स्ट्रोक हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही, ते मागाहून कळतं. चेहरा एका बाजूला वाकडा, हात उचलला तर खाली पडतोय, बोलणं बिघडलंय, यातलं एक जरी दिसलं तरी ॲम्ब्युलन्स, आणि घड्याळात बघून वेळ लक्षात ठेवा की शेवटचं ठणठणीत किती वाजता होते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळे डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारणार.

ॲस्पिरिनचं म्हणाल तर लक्षणं चालू असताना देऊ नका. एक तर तो ब्रेन हॅमरेज पण असू शकतो, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, आणि दुसरं म्हणजे अशा वेळी गिळणं बिघडलेलं असतं, गोळी पाणी श्वासनलिकेत जातं. लक्षणं पूर्ण गेलीत आणि फोनवर डॉक्टरांनी सगळं ऐकून ‘घ्या आणि निघा’ असं सांगितलं तर गोष्ट वेगळी, कित्येक ठिकाणी तसं सांगतातही. पण गोळी घेतली म्हणून जायचं रद्द, असं नको, माझी भीती ही आहे.

प्रश्न : सासूबाईंना टीआयए झाला, सीटी स्कॅन एकदम नॉर्मल आला. तरी एमआरआय, मानेची सोनोग्राफी, टू डी एको, हृदयाचे ठोके टिपणारी चोवीस तासांची पट्टी, रक्ताच्या दहा टेस्ट. नॉर्मल आलंय तर एवढं कशाला? नुसतं बिल वाढवायचं काम वाटतं.

उत्तर : संशय येणं साहजिक आहे, पण इथे डॉक्टरांची बाजू घ्यावी लागेल. टीआयएमध्ये सीटी बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. तो काढतात ते मुख्य करून रक्तस्राव नाही ना, गाठ वगैरे नाही ना हे बघायला. त्या अर्थी नॉर्मल सीटी म्हणजे ‘काही झालं नाही’ नव्हे, ‘आता रक्त पातळ करणारी गोळी द्यायला हरकत नाही’ एवढंच.

एमआरआयमध्ये डिफ्यूजन नावाची एक फिल्म असते, तिच्यात मेंदूचा अगदी शेंगदाण्याएवढा भाग जरी रक्ताविना मेला असला तरी पांढराशुभ्र ठिपका दिसतो. आणि गंमत अशी की ज्यांची लक्षणं पूर्ण गेलीत, जे चालत बोलत तपासणीला आलेत, त्यांच्यातल्या साधारण तिघांपैकी एकाला हा ठिपका सापडतो. पूर्वी २४ तासांच्या आत बरं झालं की टीआयए अशी घड्याळाची व्याख्या होती, २००९ पासून अमेरिकन तज्ज्ञांनी ती बदलली, आता मेंदूला कायमची इजा झाली की नाही यावर ठरतं, म्हणजे दहा मिनिटांत बरं झालं पण एमआरआयमध्ये ठिपका आहे तर तो छोटा का होईना स्ट्रोकच. हा ठिपका सापडला की पुन्हा झटका येण्याचा धोका वाढतो, त्यामुळे नुसती माहिती म्हणून नाही, पुढची ट्रीटमेंट किती नेटाने करायची ते त्यावर ठरतं. एमआरआय लवकर काढलेला बरा, काही दिवस गेले की तो ठिपका फिका पडत जातो.

बाकीच्या टेस्टचा उद्देश एकच, गुठळी आली कुठून. मानेची डॉप्लर सोनोग्राफी किंवा सीटी अँजिओ धमनी अरुंद झालीय का बघायला, ईसीजी आणि पट्टी ठोके अनियमित होतात का बघायला, एको हृदयाच्या कप्प्यात गुठळी किंवा झडपेचा आजार आहे का बघायला. रक्तात शुगर आधी, कारण शुगर खूप उतरली तरी हुबेहूब लकव्यासारखं दिसतं, मग कोलेस्टेरॉल, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), प्लेटलेट, किडनी. यातली एखादी टेस्ट पुढे ढकलायचीच असेल तर एको थोडा ढकलता येईल एक वेळ, पण मानेच्या धमनीची तपासणी आणि ईसीजी पहिल्या दिवशीच, कारण तिथे काही सापडलं तर औषधाची दिशाच बदलते. प्रत्येक टेस्टला डॉक्टरांना विचारा की हे सापडलं तर तुम्ही वेगळं काय कराल. उत्तर देता आलं तर टेस्ट योग्य आहे.

प्रश्न : टीआयएनंतर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू केल्या. तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी एक बंद केली. शेजारचे काका हार्टच्या स्टेंटनंतर वर्षभर दोन्ही घेतायत. माझी मग इतक्या लवकर का बंद? मी आपली दोन्ही चालूच ठेवलीय, जास्त सेफ म्हणून.

उत्तर : जास्त सेफ नाही, उलट आहे. आजच डॉक्टरांना फोन करून सांगा की दोन्ही चालू आहेत.

हे तीन आठवडे कुणी बोटावर मोजून ठरवलेले नाहीत. २०१३ मध्ये चीनमधला चान्स नावाचा अभ्यास आला, ५१७० पेशंट, सगळे टीआयए किंवा हलक्या स्ट्रोकचे, पहिल्या २४ तासांत औषध सुरू केलेलं. नुसत्या ॲस्पिरिनवाल्यांमध्ये ९० दिवसांत ११.७ टक्क्यांना पुन्हा स्ट्रोक आला, पहिले २१ दिवस दोन्ही गोळ्या आणि मग नुसती क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांमध्ये ८.२ टक्क्यांना, आणि मोठा रक्तस्राव दोन्हीकडे सारखाच. मग २०१८ ला पॉइंट नावाचा अभ्यास, त्यात दोन्ही गोळ्या पूर्ण ९० दिवस दिल्या, फायदा तिथेही झाला पण मोठा रक्तस्राव ०.४ वरून ०.९ टक्क्यांवर गेला. फायदा बघितला तर सगळा सुरुवातीच्या दिवसांतला, रक्तस्रावाचा धोका मात्र गोळी घ्याल तितके दिवस चालूच. त्याआधी २००४ मध्येच मॅच नावाच्या अभ्यासात दीड वर्ष दोन्ही देऊन बघितलं होतं, स्ट्रोक फारसे कमी झाले नाहीत आणि जिवावर बेतणारे रक्तस्राव दुप्पट झाले. म्हणून सुरुवातीला तीन आठवडे जोरात मारा, मग एकच गोळी कायम. काकांची गोष्ट वेगळी, त्यांच्या हृदयात धातूची जाळी बसवलीय, ती जाळी गुठळीने बंद होऊ नये म्हणून त्यांना दोन्ही. त्यांची चिठ्ठी त्यांची, तुमची तुमची.

काहींना धमनी मेंदूच्या आतच खूप अरुंद झालेली असते, त्यांना दोन्ही गोळ्या तीन महिने देतात, तेव्हा तुमच्या नातेवाइकाला ९० दिवस लिहून दिल्या असतील तर लगेच चूक समजू नका.

आणखी एक, क्लोपिडोग्रेल चालू असताना ॲसिडिटीची गोळी लागली तर ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळलेलं बरं, त्याने क्लोपिडोग्रेलचा असर कमी होऊ शकतो, पँटोप्राझोल चालते, डॉक्टरांना विचारून बदलून घ्या. शौचाला काळं डांबरासारखं झालं तर वाट बघू नका.

प्रश्न : वय ३४. महिन्यातून एखाद वेळा डोळ्यासमोर चमकणाऱ्या नागमोडी रेघा येतात, वीसेक मिनिटं पसरत जातात, मग डोकं ठणकतं. नेटवर वाचलं आणि झोप उडाली, टीआयए तर नाही ना?

उत्तर : वर्णन तरी मायग्रेनच्या ऑराचं, म्हणजे डोकं दुखण्याआधी येणाऱ्या लक्षणांचं वाटतंय. फरक असा लक्षात ठेवा : मायग्रेनमध्ये काहीतरी ज्यादा दिसतं, रेघा, ठिणग्या, मुंग्या, आणि ते हळूहळू पसरतं, हातातून कोपरात, कोपरातून चेहऱ्यावर. टीआयएमध्ये काहीतरी जातं, ताकद जाते, शब्द जातात, नजर जाते, आणि ते एका क्षणात जातं, आधी ठीक होतं आणि आता नाही. फिट येण्यामध्ये उलट हात झटकतो. अर्थात नियमाला अपवाद असतात. पहिल्यांदाच असं झालं असेल, वय चाळिशीपुढे असेल किंवा नेहमीपेक्षा वेगळं वाटलं तर एकदा न्यूरोला दाखवाच.

तुम्ही गर्भनिरोधक गोळी घेताय का आणि सिगरेट ओढता का हे लिहिलं नाहीये. ऑरा असलेलं मायग्रेन, इस्ट्रोजेन असलेली गोळी आणि सिगरेट, हे तिन्ही एकत्र आलं तर स्ट्रोकचा धोका खरंच वाढतो, अशा वेळी गोळी बदलायला लागते. स्त्रीरोगतज्ज्ञांना मायग्रेनचं आवर्जून सांगा, बऱ्याच जणी सांगतच नाहीत कारण त्यांना वाटतं डोकेदुखीचा काय संबंध.

प्रश्न : नुसती चक्कर आली, घर फिरतंय असं वाटलं, टीआयए का? / आजीला दोन तास काही आठवेना, एकच प्रश्न परत परत विचारत होती, टीआयए का? / एका डोळ्यासमोर काळा पडदा खाली आला आणि पाच मिनिटांत वर गेला, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ का?

उत्तर : पटापट सांगतो. कूस बदलताना काही सेकंद घर फिरणं हा बहुतेक कानाच्या आतला प्रकार, टीआयए नव्हे, तसंच डोळ्यापुढे अंधारी येऊन बेशुद्ध पडणं हेही सहसा टीआयए नसतं. पण चक्करेबरोबर एकाचे दोन दिसणं, बोलणं अडखळणं, चालताना एका बाजूला झोक जाणं असेल तर मेंदूच्या मागच्या भागाचा रक्तपुरवठा तपासायलाच हवा, हा प्रकार चुकून कानावर ढकलला जातो.

आजीचं जे वर्णन आहे, स्वतःचं नाव माहीत, माणसं ओळखतायत, हातपाय ठीक, पण नवीन काही डोक्यात राहत नाही, त्याला ट्रान्झियंट ग्लोबल ॲम्नेशिया म्हणतात, २४ तासांच्या आत जातं आणि स्ट्रोकचा धोका त्याने वाढत नाही असं दिसतं. पण हे ठरवायचं डॉक्टरांनी, घरच्यांनी नाही, पहिल्या वेळी दाखवायचंच.

काळा पडदा सगळ्यात गंभीर. तो डोळ्याचा टीआयए असू शकतो, मानेतल्या धमनीतून निघालेला कण डोळ्याच्या धमनीत जाऊन अडकतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जरूर जा पण त्याच दिवशी मानेची धमनीही बघून घ्या. आणि वय पन्नाशीपुढे असेल, कानशिलाला हात लावला तरी दुखत असेल, चावताना जबडा दुखत असेल तर ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या टेस्ट लगेच, कारण धमन्यांना सूज येण्याचा एक आजार आहे, त्यात उशीर केला तर नजर कायमची जाते.

प्रश्न : डॉप्लरमध्ये डावी मानेची धमनी ८० टक्के आणि उजवी ६० टक्के बंद असं आलंय. टीआयएमध्ये उजव्या हाताची ताकद गेली होती. सर्जन म्हणतायत याच आठवड्यात ऑपरेशन करू. घरचे म्हणतायत महिनाभर गोळ्यांवर ठेवू आणि बघू. एवढी घाई खरंच असते का? आणि उजवी बाजू?

उत्तर : असते. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते, म्हणजे तुमची लक्षणं डाव्या धमनीतूनच आलेली दिसतायत. अशा, म्हणजे लक्षणं दिलेल्या आणि ७० टक्क्यांच्या वर बंद असलेल्या धमनीवर ऑपरेशन (धमनी उघडून आतला चरबीचा थर काढणं) करावं का, हा प्रश्न १९९१ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या नॅस्केट नावाच्या अभ्यासाने सोडवला. नुसत्या औषधांवर असलेल्यांमध्ये दोन वर्षांत त्या बाजूचा स्ट्रोक २६ टक्के, ऑपरेशनवाल्यांमध्ये ९ टक्के. मेडिसिनमध्ये इतका स्पष्ट फरक क्वचित बघायला मिळतो. आजची औषधं तेव्हापेक्षा चांगली आहेत हे मान्य, तरी ७० च्या वरच्या आणि लक्षणं दिलेल्या धमनीसाठी सल्ला बदललेला नाही.

घाईचं गणित असं : झटक्यापासून दोन आठवड्यांच्या आत ऑपरेशन केलं तर साधारण पाच जणांचं करून एक स्ट्रोक वाचतो, बारा आठवड्यांनंतर केलं तर तोच एक स्ट्रोक वाचवायला सव्वाशे ऑपरेशनं करावी लागतात. ऑपरेशन तेच, धोका तोच, फायदा मात्र गेलेला, कारण ज्यांना स्ट्रोक यायचा त्यांना तो तोवर येऊन गेलेला असतो. घरच्यांना हे दोन आकडे वाचून दाखवा.

स्टेंट की ऑपरेशन, हे तुम्ही विचारलं नाहीये पण विचारणारच. २०१० च्या क्रेस्ट नावाच्या अभ्यासात स्टेंटवाल्यांना प्रक्रियेच्या आसपासच्या काळात स्ट्रोक जास्त आले आणि ऑपरेशनवाल्यांना हार्ट अटॅक जास्त, आणि सत्तरीच्या पुढे ऑपरेशन उजवं ठरलं. तेव्हा वय जास्त असेल तर ऑपरेशनकडे कल, मानेवर आधी रेडिएशन झालं असेल किंवा हृदय फार कमजोर असेल तर स्टेंट. सर्जनना बिनधास्त विचारा की तुमच्या हातून केलेल्यांमध्ये स्ट्रोक किंवा मृत्यूचं प्रमाण किती, ते सहा टक्क्यांच्या आत असायला हवं, चांगला सर्जन या प्रश्नाने रागवत नाही. डॉप्लरचा आकडा सीटी अँजिओने एकदा पक्का करून घ्या, डॉप्लर करणाऱ्याच्या हातावर बरंच अवलंबून असतं.

उजवीने काही लक्षण दिलेलं नाही, ६० टक्के आहे, तिला घाई नाही. औषधं आणि दरवर्षी सोनोग्राफी. आणि धमनी शंभर टक्के बंद झाली असेल तर ऑपरेशन करतच नाहीत, लोकांना हे उलटं वाटतं.

प्रश्न : आईच्या पट्टीत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) सापडलं. डॉक्टरांनी ॲस्पिरिन बंद करून रक्त पातळ करणारी ॲपिक्सबॅन दिली. आई ८१ वर्षांची, मधे मधे तोल जातो. पडली तर काय या भीतीने मी ॲस्पिरिनच चालू ठेवा म्हणतोय, ती हलकी असते ना?

उत्तर : हा गैरसमज इतका पसरलाय की काही डॉक्टरांनाही सोडत नाही. ठोके अनियमित पडले की हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साचून राहतं आणि तिथे गुठळी बनते, ती मोठी असते आणि तिने आलेला स्ट्रोकही मोठा असतो. या गुठळीवर ॲस्पिरिन फारच तोकडी पडते. २०११ मध्ये ज्यांना वॉरफरिन (रक्त पातळ करणारं जुनं औषध) झेपणार नाही अशाच पेशंटमध्ये ॲपिक्सबॅन आणि ॲस्पिरिनची थेट तुलना झाली : वर्षाला स्ट्रोक वगैरे ॲस्पिरिनवर ३.७ टक्के, ॲपिक्सबॅनवर १.६ टक्के. आणि मोठा रक्तस्राव? १.२ आणि १.४, म्हणजे जवळपास सारखाच. ॲपिक्सबॅनवर स्ट्रोक निम्म्याहूनही कमी आणि रक्तस्रावाचा धोका जवळपास तेवढाच, मग ॲस्पिरिनला हलकी कशी म्हणायची.

पडण्याची भीती खरी आहे, तिच्यावर वेगळा इलाज करा, चष्मा, काठी, रात्रीचा दिवा, झोपेच्या गोळ्या कमी करणं. डोस वय, वजन आणि किडनीच्या क्रिएटिनिनवर ठरतो, ‘वय झालंय म्हणून अर्धी गोळी’ असं स्वतः करू नका. हृदयाची मिट्रल झडप (डावीकडच्या दोन कप्प्यांमधली) बरीच अरुंद असेल किंवा धातूची झडप बसवलेली असेल तर मात्र अजूनही वॉरफरिनच.

पट्टी चोवीस तासांची असूनही सापडलं हे नशीब समजा. पुष्कळदा हे ठोके महिन्यातून एकदा दोन तास बिघडतात आणि नेमके पट्टीच्या दिवशी शहाण्यासारखे वागतात. छातीच्या कातडीखाली बसवायचं एक छोटं यंत्र असतं, लूप रेकॉर्डर. स्ट्रोक किंवा टीआयएचं कारण न सापडलेल्या लोकांना ते बसवून बघितलं तर वर्षभरात १२.४ टक्क्यांमध्ये एट्रियल फिब्रिलेशन सापडलं, नेहमीच्या तपासणीत फक्त २ टक्क्यांमध्ये. म्हणून ज्यांच्या सगळ्या टेस्ट कोऱ्या आल्यात आणि वय साठीच्या आसपास आहे त्यांनी ‘कारण सापडलं नाही’ एवढ्यावर फाइल बंद करू देऊ नये.

प्रश्न : मिस्टर ५२ वर्षांचे. टीआयएला तीन महिने झाले, आता म्हणतात मला काही झालंच नव्हतं. सिगरेट परत सुरू, कोलेस्टेरॉलची गोळी बंद कारण रिपोर्ट नॉर्मल आला, बीपी १४५ असतं तर म्हणतात या वयात एवढं असायचंच. गाडीही चालवतात. काय सांगू?

उत्तर : रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे आला, बंद केली की परत वर जाणार. आणि या गोळीचं काम नुसतं आकडा खाली आणणं नाही, धमनीतला चरबीचा थर ती स्थिर करते, तो फुटत नाही. टीआयए किंवा स्ट्रोक होऊन गेलेल्या आणि धमन्यांत चरबी असलेल्या लोकांमध्ये एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७० च्या खाली ठेवलं तर ९० ते ११० मध्ये ठेवण्यापेक्षा पुढचे झटके कमी येतात हे २०१९ मध्ये सिद्ध झालंय, म्हणजे लॅबच्या कागदावर ‘१०० पर्यंत नॉर्मल’ छापलेलं असतं ते यांच्यासाठी नाहीच. स्नायू दुखत असतील म्हणून बंद केली असेल तर तसं सांगू दे, डोस कमी करता येतो, दुसरी देता येते, गुपचूप बंद करणं हा सगळ्यात वाईट पर्याय.

बीपी १३०/८० च्या आत पाहिजे. १४५ ‘वयामुळे’ नाही, पन्नाशीत तर नाहीच. स्ट्रोकच्या सगळ्या कारणांत बीपी पहिल्या नंबरवर आहे, आणि ते दुखत नाही हीच त्याची खोड. सिगरेटबद्दल भाषण देऊन कुणी सोडत नाही, मला तरी माहीत नाही. निकोटिनचे पॅच आणि च्युइंगगम, व्हॅरेनिक्लिनसारखी गोळी आणि समुपदेशन, हे मिळून केलं तर नुसत्या निश्चयापेक्षा बरंच जास्त जमतं. त्यांना हरवायचं नाहीये, त्यांना सोबत घेऊन डॉक्टरांकडे जायचंय. जाताना एमआरआयची फिल्म न्या आणि ठिपका असेल तर डॉक्टरांना त्यांच्यासमोर तो दाखवायला सांगा, ‘काही झालंच नव्हतं’ म्हणणाऱ्यावर त्याचा जितका परिणाम होतो तितका बायकोच्या बोलण्याचा होत नाही, असा माझा अनुभव.

गाडीचे नियम देशागणिक वेगळे, ब्रिटनमध्ये साधी गाडी महिनाभर चालवता येत नाही, ट्रक-बससाठी त्याहून जास्त थांबावं लागतं. तुमच्याकडे नियम काहीही असो, पहिले काही आठवडे नकोच, कारण झटका स्टिअरिंगवर असताना आला तर प्रश्न एकट्या त्यांचा राहत नाही. तीन महिने होऊन गेलेत तेव्हा डॉक्टरांना विचारून हरकत नसावी. त्यांच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवा, कुठल्या गोळ्या चालू आहेत, टीआयए कधी झाला, कुणाला फोन करायचा. आणि पुढच्या वेळी हात गळाला आणि ते ‘थांब, जाईल आपोआप’ म्हणाले, तर तेव्हा वाद घालत बसू नका, आधी ॲम्ब्युलन्सला फोन लावा, वाद गाडीत घाला.